वाल्टेरच्या पाण्याचे दीड मार्क

गजभिये बाईंनी एकदा दिलेला मार्क बदलत नसे. शाळेत तीन मुख्याध्यापिका येऊन गेल्या, छपरावरची कवेलू जाऊन पत्रे आले, आठवीचं भूगोलाचं पुस्तक दोनदा बदललं. पण बाईंच्या लाल शाईचा आकडा कागदावर एकदा टेकला की त्याचा मुक्काम कायमचा. पालक भांडायला येत. बाई त्यांना बसायला स्टूल देत, प्यायला पाणी देत, उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवत आणि हाताची घडी घालून उभ्या राहत. पाच मिनिटांत पालक स्वतःच्याच मुलीला रागावत घरी जात.

नाव पुष्पलता. वय सदतीस. उंची बेताची, आवाज मात्र असा की त्यांनी आठवीत आफ्रिका शिकवायला घेतली की भिंतीपलीकडच्या सातवीतल्या मुली नाईल नदी लिहून घेत. लग्न केलं नव्हतं. नागपूरच्या इंदोऱ्यात दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची आई जिजाबाई. वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेऊन चालत घरी येताना ते लेकीला म्हणाले होते, "पुष्पे, आजपासून दोनच गोष्टी. पाह्यल्याबिगर मानायचं नाही, अन् खोटं बोलायचं नाही. बाकी जमलं तं जमलं." दोन वर्षांनी वडील गेले. बाईंनी दोन्ही गोष्टी पाळल्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

अडचण एवढीच की बाई भूगोल शिकवत आणि भूगोल त्यांनी पाहिला नव्हता. पूर्वेला मौदा, दक्षिणेला बेसा, एकदा मामेबहिणीच्या लग्नाला कुही, नागपूरच्या आसपास एवढाच त्यांचा प्रवास. पाण्याचा मोठ्यात मोठा विस्तार पाहिला तो फुटाळा तलाव. समुद्र शिकवायचा झाला की त्या म्हणत, "मुलींनो, फुटाळा डोळ्यांसमोर आणा. आता त्याचा पलीकडचा काठ काढून टाका." मुली डोळे मिटून पलीकडचा काठ काढून टाकत. बाईही मिटत.

एकाहत्तर सालच्या आठवीच्या वार्षिक परीक्षेत बाईंनी दोन मार्कांचा प्रश्न घातला होता : उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ समुद्राचे पाणी कसे असते? सकारण लिहा. उत्तर वहीत त्यांनीच लिहून दिलेलं होतं. सूर्यकिरण लंबरूप पडतात, म्हणून पाणी उष्ण असते. बेचाळीस मुलींपैकी एक्केचाळीस जणींनी ते उतरवलं आणि दोन-दोन मार्क घेतले. बेचाळिसावी गोपिका निनावे. तिने लिहिलं : "मे महिन्यात वाल्टेरला समुद्राचे पाणी फार थंड असते. आम्ही मागच्या वर्षी १४ मे रोजी मामाकडे गेलो होतो. बाबांचे पाय बधिर झाले. वारा लागतो म्हणून पाणी रांजणासारखे थंड होते."

बाईंनी पेपर तपासला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता. बाहेर चव्वेचाळीस. खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी पाणी मारल्या मारल्या वाळत होती. सकाळी नळाच्या पाण्याने तोंड धुताना त्या "आई गं" म्हणाल्या होत्या, कारण सहा वाजताच नळ पोळत होता. मेमध्ये बधिर करणारं पाणी? आणि तेही उघड्यावर, उन्हात, झाकणाशिवाय?

त्यांनी शून्य लिहिलं. शेजारी, स्वच्छ अक्षरात : "खोटे लिहू नये."

आणि निकालाच्या दिवशी वर्गात वाचूनही दाखवलं. वर्ग हसला. 'बाबांचे पाय'ला तर मागच्या बाकावरून दाद आली. तिसऱ्या बाकावरची गोपिका हसली नाही. दोन मार्कांनी तिचा पहिला नंबर गेला आणि तो चारुशीलाला मिळाला. शाळा सुटायच्या आत मुलींनी गोपिकाचं नाव 'बर्फवाली' ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी निनावे आले. ताराचंद निनावे, रेल्वेत पॉइंटमन, अंगावर निळा डगला, हातात घडी केलेली उत्तरपत्रिका. बाईंनी स्टूल दिलं, पाणी दिलं, हाताची घडी घातली.

ताराचंद पाणी प्याला. मग म्हणाला, "बाई, मार्काचं सोडा. शून्य तं शून्य. नंबर गेला तं गेला, पुढच्या साली येईन. पन हे एक काढून द्या." त्याने 'खोटे'वर बोट ठेवलं.

"मी लिहिलेलं बदलत नाही."

"मले मालूम हाये. साऱ्या नागपूरले मालूम हाये. पन पोरगी खोटं नाही बोलली ना, बाई. पाय माहे होते."

"निनावे, मे महिन्यात समुद्र थंड असतो?"

"आता मी काय सांगू. मी तं सिग्नलवाला मानूस. गाडी येते म्हनून सांगतो, काहून येते ते मले कुठं ठावं. पानी थंडं होतं, बस. मी पाय टाकला अन् साळ्याच्या अंगावर ओरडलो."

"पुस्तकात उष्ण लिहिलं आहे."

"तुमी पाह्यलं का, बाई?"

प्रश्न साधा होता. त्यात टोमणा नव्हता. ताराचंदाला खरंच वाटलं होतं की भूगोलाच्या बाईंनी समुद्र पाहिलेला असणार. जशी स्वयंपाकिणीने चूल पाहिलेली असते. बाईंचं तोंड उघडलं, पण पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यातून आवाज निघाला नाही.

"पोरगी बोलून नाही राहिली, दोन दिवस झाले," ताराचंद उठत म्हणाला. "जेवते, पन बोलत नाही. म्हनते, बोललं की खोटंच वाटते लोकाइले."

घरी जिजाबाई रांजणाशी बसल्या होत्या. उन्हाळ्यात तो रांजण म्हणजे त्यांचं कार्यालय. वरचं पाणी काढून त्या भांड्यांना वापरत आणि प्यायला लांब दांड्याच्या ओगराळ्याने अगदी बुडातलं काढून देत. पाहुण्याला वरचं पाणी देणारी बाई त्यांच्या मते माणसांतून उठलेली.

"काहून वं, तोंड असं काहून झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. जिजाबाईंनी बुडातलं पाणी दिलं आणि विचारलं, "मंग? तू पाह्यलं का?"

"तूही तेच विचार."

"तुह्या बापानं काय सांगतलं होतं?"

"मला पाठ आहे."

"पाठ तं तुह्या पोट्ट्याइलेही हाये. एक्केचाळीस जनीइले," जिजाबाई म्हणाल्या आणि ओगराळं रांजणात परत सोडलं.

चौथ्या दिवशी बाई शाळेच्या प्रयोगशाळेत वामनरावांपुढे उभ्या होत्या. वामनराव विज्ञान शिकवत आणि काचेच्या प्रत्येक वस्तूवर पोटच्या पोरासारखी माया करत.

"थर्मामीटर हवा आहे."

"वहीत नोंद करा. वस्तू, संख्या, कारण."

बाईंनी 'कारण'पुढे लिहिलं : समुद्र.

वामनरावांनी चष्मा वर केला. "समुद्राला ताप आलाय का?"

"तेच पाहायचं आहे."

"फुटला तर?"

"फुटला तर मी परत येणार नाही."

"तसं नको. फुटला तरी काचा घेऊन या, नोंद बंद करावी लागते."

ताराचंदाला कळलं तसा तो सायकल हाणत इंदोऱ्यात आला. "माह्या साळ्याकडंच उतरा, बाई. रेल्वेचा क्वार्टर हाये, दोन पंखे हायेत."

"पक्षकाराच्या घरी मी उतरणार नाही."

"पंख्यानं काय निकाल बदलते का?"

"माझा नाही बदलणार. पण लोकांना वाटेल." बाई धर्मशाळेत उतरणार होत्या. जिजाबाईंनी दोन पंख्यांचा विचार करत एक उसासा टाकला आणि भाकरी बांधायला घेतल्या. त्या येणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. थर्मामीटर लुगड्याच्या सात घड्यांत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला आणि रायपूरला गाडी बदलून पूर्व किनाऱ्यावरचं वाल्टेर येईपर्यंत मांडीवरून उतरवला नाही. डब्यातल्या बायका बाळ समजून सरकून जागा देत होत्या. गोंदियाला बाईंनी तो काढून पाहिला : त्रेचाळीस. रायपूरला : चव्वेचाळीस.

"लई तापलं बिचारं," समोरची बाई म्हणाली.

वाल्टेरला सकाळी सहा वाजता त्या दोघी किनाऱ्यावर पोहोचल्या. वाळूवर पाऊल पडलं आणि बाई थांबल्या. फुटाळ्याचा पलीकडचा काठ काढून टाकणं पंधरा वर्षं त्यांना सोपं वाटलं होतं. इथे तो खरंच नव्हता. जिजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "एवढं पानी, अन् प्याले एक थेंब नाही. नियोजन चुकलं."

समुद्र गप्प होता. वारा अजिबात नव्हता, पान हलत नव्हतं. बाईंनी नऊवारीचा काष्टा आवरला, गुडघाभर पाण्यात गेल्या, थर्मामीटर बुडवला, शंभरपर्यंत मोजलं आणि पाऱ्याकडे पाहिलं. एकोणतीस आणि वर थोडं. पाय बधिर होण्याचं नाव नाही. अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. बाईंच्या छातीत पंधरा वर्षांचा आवाज परत आला.

"उष्ण आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. एक कोळी वळून पाहू लागला.

"मंग झालं," जिजाबाई म्हणाल्या. "मार्क वाचला. आता पोरीले जाऊन काय सांगतं?"

बाईंनी पाऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. परतीची गाडी संध्याकाळची होती. त्या पाण्यातून बाहेर येतात तोच पलीकडे एक हडकुळा तरुण बादली घेऊन पाण्यात शिरताना दिसला. त्याने बादली भरली, त्यात थर्मामीटर सोडला, घड्याळ पाहिलं आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना उघड्या समुद्रावर सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

त्याचं नाव अप्पलराजू. तिथल्या कॉलेजात समुद्राचा अभ्यास करायचा आणि दोन वर्षं रोज सकाळी पाण्याचं तापमान घ्यायचा. मराठी त्याला येत नव्हतं, तेलुगू बाईंना येत नव्हतं, आणि हिंदी दोघांनाही बेताचंच. त्यामुळे संभाषण स्वच्छ झालं, कारण फालतू शब्द कुणाकडेच नव्हते.

"आज कितना?" बाईंनी विचारलं.

"उनतीस, पाँच."

"मेरा भी. गरम है."

"आज गरम. चार दिन से हवा बंद, टीचरम्मा. हवा चलेगा, तो ठंडा."

बाई हसल्या. ही चूक त्यांना ओळखीची होती, तीच रांजणाची. "हवा लगने से घड़ा ठंडा होता है. समुद्र घड़ा नहीं है."

"नहीं, नहीं. घड़ा नहीं." अप्पलराजूने बादली खाली ठेवली. "आप चलो. मैं हवा हूँ."

आणि त्याने बाईंना किनाऱ्याला लागून चालायला लावलं. समुद्राकडे तोंड केलं तर उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. मागून तो स्वतः दोन्ही गाल फुगवून फुंकर घालत चालला. "यह गर्मी का हवा. किनारे-किनारे. अब दाहिना हाथ उठाओ." बाईंनी हात उचलला. "हाथ किधर?"

हात समुद्राकडे होता.

बाई थबकल्या. उत्तर गोलार्धात पृथ्वी फिरते म्हणून वारे उजवीकडे वळतात, हे त्या दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवत. मुली म्हणत, उजवीकडे. त्या म्हणत, शाब्बास. पाणीही वाहतं, मग तेही वळणार, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"ऊपर का गरम पानी उधर गया," अप्पलराजू क्षितिजाकडे हात करत म्हणाला. "इधर जगह खाली. कौन आएगा?"

बाई हात तसाच धरून उभ्या. जिजाबाई मात्र वाळूवरून उठल्या. "नीचे का," त्या म्हणाल्या. "बुड का. और कौन." मग लेकीकडे वळून, "वरचं काढलं की बुडातलं गार पानी वर येते. रोज तुह्यासमोर करून राहिली मी, सदतीस वर्षं. तू पुस्तक वाचत बसतं."

अप्पलराजूला एकही शब्द कळला नाही, पण त्याने दोन्ही हात जोडले.

मग त्याने मागच्या वर्षीची वही काढली. बाईंनी तारीख सांगितली : चौदा मे. पान उलटलं. त्या आठवडाभर रोज 'वारा : नैर्ऋत्य, जोराचा' अशी नोंद होती, आणि चौदा मेपुढे लिहिलं होतं : चोवीस, तीन.

चव्वेचाळीस अंशांच्या गावातला माणूस चोवीसात पाय टाकतो तेव्हा ओरडणारच. पण बाई पंधरा वर्षांच्या सवयीने म्हणाल्या, "लिखा हुआ है. लिख तो कोई भी सकता है."

अप्पलराजूचा चेहरा उतरला. त्याने वही मिटली, खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. दोन वर्षं रोज पहाटे उठणाऱ्या पोराचा तो चेहरा बाईंनी नीट पाहिला. तसाच चेहरा त्यांनी पंधरवड्यापूर्वी तिसऱ्या बाकावर पाहिला होता, आणि त्यावर वर्ग हसला होता.

"माफ करना, भैया," त्या म्हणाल्या. मग आईला, "गाडी सोडू आज."

"वारा कधी येईन?"

"त्याला विचार."

अप्पलराजूने आभाळाकडे, मग झाडाकडे, मग जिजाबाईंकडे पाहिलं. "मालूम नहीं, अम्मा."

"यालेही मालूम नाही. अन् हा शिकेल हाये," जिजाबाई म्हणाल्या आणि धर्मशाळेच्या वाटेला लागल्या.

पहिला दिवस वारा नाही. जिजाबाईंनी धर्मशाळेतल्या बायकांना भाकरी थापून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणतीसच. बाईंना वाटायला लागलं की आपण एका लाल शब्दासाठी वेड्यासारख्या बसलो आहोत, आणि तरीही त्या उठल्या नाहीत. दुपारी धर्मशाळेच्या दोरीवरचं त्यांचं लुगडं एका बाजूला ताणलं गेलं. मग खिडकीची झडप आपटली. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना जिजाबाईंचा पदर डोक्यावर राहीना.

"आला गा तुहा वारा," त्या अप्पलराजूला म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी सत्तावीस. वारा रात्रंदिवस किनाऱ्याला घासून चालला होता. चौथ्या सकाळी सव्वीस. पाचव्या सकाळी बाई पाण्यात उतरल्या, गुडघ्यापर्यंत गेल्या आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो नाईल नदीच्या पलीकडे गेला असता. आभाळात सूर्य तसाच, वाळू तशीच पोळणारी, आणि पाणी असं की पोटऱ्या आवळून आल्या. अप्पलराजू धावला, त्याला वाटलं काहीतरी चावलं.

थर्मामीटरवर पंचवीसला थोडं कमी होतं.

"अम्मा, आप भी," अप्पलराजू म्हणाला. जिजाबाईंनी एक पाय टाकला, काढला. "बुडातलंच हाये," त्या म्हणाल्या. "माह्या रांजणापेक्षा जरा खारं."

शाळा जूनच्या शेवटी उघडली तेव्हा नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी बाईंनी नववीच्या वर्गात, म्हणजे जुन्याच बेचाळीस मुलींपुढे, शिपायाकडून एक लांबट पत्र्याचा टब आणवला. ताराचंदालाही निरोप गेला होता : उत्तरपत्रिका घेऊन या. तो दाराशी उभा होता, डगला इस्त्रीचा. गोपिका तिसऱ्या बाकावर, वहीत डोकं घालून.

बाईंनी व्हरांड्यातल्या रांजणाच्या बुडातलं पाणी टबात ओतवलं आणि त्यात कपड्यांची नीळ विरघळवली. मग वर एक पत्रावळ तरंगत ठेवली आणि उन्हात तापलेल्या नळाचं पाणी हळूहळू त्या पत्रावळीवर सोडलं, म्हणजे दोन्ही पाणी मिसळणार नाही. खाली निळं, वर नितळ.

"चारुशीला, बोट घाल."

"गरम आहे, बाई."

"पहिल्या बाकावरच्या मुलींनो, वह्या घ्या. या टोकाकडून त्या टोकाकडे वारा घाला. जोरात नको, लाटा नकोत. सारखा."

पाच मुली वारा घालू लागल्या. सुरुवातीला काहीच झालं नाही. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मग नितळ पाणी सरकत सरकत पलीकडच्या टोकाला जमलं आणि अलीकडच्या टोकाला, मुलींच्या हातांखाली, निळं वर आलं.

"आता घाल बोट."

चारुशीलाने बोट घातलं आणि पटकन काढलं. तिने वळून गोपिकाकडे पाहिलं. गोपिकाने पहिल्यांदाच मान वर केली.

"या टबाला पृथ्वीसारखं फिरता येत नाही, म्हणून वरचं पाणी सरळ गेलं," बाई म्हणाल्या. "समुद्रात ते वाऱ्याच्या उजव्या हाताला वळतं. वाल्टेरला उन्हाळ्यात वारा किनाऱ्याला लागून वाहतो, वरचं गरम पाणी आत समुद्राकडे जातं आणि तळाचं थंड पाणी वर येतं. वारा पडला की पुन्हा कोमट. मी दोन्ही पाहिलं. पाय माझेही बधिर झाले." त्यांनी दाराकडे हात केला. "निनावे, कागद."

ताराचंदाने घडी उलगडून दिली. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. वर्गात इतकी शांतता झाली की भिंतीपलीकडे शिकवणाऱ्या बाईही थांबल्या. गजभिये बाईंनी 'खोटे लिहू नये' यावर एक सरळ रेघ मारली, खाली लिहिलं, "न पाहता लिहिले. पु. गजभिये", आणि ते त्याच आवाजात वाचून दाखवलं, ज्या आवाजात एप्रिलमध्ये 'बाबांचे पाय' वाचले होते. कुणी हसलं नाही.

मग त्यांनी शून्य खोडलं आणि त्याच्या जागी दीड लिहिलं.

ताराचंद वाकून पाहत होता. "बाई," तो हळूच म्हणाला, "एवढं वाल्टेरपर्यंत जाऊन आल्या. अर्धा काहून कापला?"

"सकारण लिहा म्हटलं होतं. ती म्हणते वारा लागून रांजणासारखं थंड होतं. तसं होत नाही. पाहिलेलं बरोबर, कारण चूक."

"अर्ध्या मार्कानं नंबर राहून जाते ना पन."

"जातो."

ताराचंदाने आशेने लेकीकडे पाहिलं. गोपिका उभी राहिली. दोन महिन्यांनंतर तिचा आवाज वर्गाने ऐकला.

"बाबा, राहू द्या. दीडच बरोबर हाये." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "पण बाई, रांजण तर बरोबर होता ना? बुडातलंच पाणी वर आलं."

बाईंनी विचार केला. सगळा वर्ग त्यांचा पेन पाहत होता. "रांजण बरोबर," त्या म्हणाल्या. "पण तू बुडाचं लिहिलं नाहीस. वाऱ्याचं लिहिलंस."

"हो," गोपिका म्हणाली आणि बसली. बसताना शेजारणीला म्हणाली, "पुढच्या वेळी बुडाचं लिहीन."

इतक्यात चारुशीलाच्या मनात भलतीच शंका आली आणि तिने ती विचारली. "बाई, आम्ही सगळ्यांनी 'उष्ण असते' लिहिलं. आमचे दोन मार्क?"

एक्केचाळीस मुलींनी श्वास धरला. दोघीतिघींनी चारुशीलाकडे जे पाहिलं त्यावरून मधल्या सुट्टीत तिचं काय होणार हे स्पष्ट होतं.

"तुमचे राहतील," बाई म्हणाल्या. "ते उत्तर तुमचं नव्हतं. माझं होतं."

त्यांनी टेबलावरची आपली टाचणवही उघडली, ज्यात पंधरा वर्षं त्या पाठांची टिपणं ठेवत आल्या होत्या. किनाऱ्याच्या पाण्याचं पान शोधलं, 'उष्ण असते' या ओळीपुढे लाल शाईने शून्य काढलं आणि वाळण्यासाठी त्यावर फुंकर घातली.

"निनावे, पाणी पिऊन जा," त्या म्हणाल्या. "शिपायाला सांगा, बुडातलं द्यायला."